कुतूहल आणि मेंदूतली रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळांत, वाचनालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत मी मेंदूविज्ञानावर बोलते. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात आणि नंतर कित्येक आठवडे व्हॉट्सॲपवर येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे उत्तरांसह दिले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर २ आणि ७ एवढे दोन तरी वाचा. आजार आणि औषधांचे प्रश्न शेवटी आहेत.

१. कुतूहल वाटतं तेव्हा मेंदूत नेमकं काय चालू असतं?

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, चेतापेशींचे दोन लहान पुंजके शेजारी शेजारी आहेत. एकाचं नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, दुसऱ्याचं व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या बहुतेक पेशी इथेच असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या या डोपामिनवाल्या जेमतेम चार ते सहा लाख. पण त्यांचे धागे दूरवर पसरलेले असतात. काही स्ट्रायटमकडे जातात, तिथे कशासाठी किती धडपड करायची ते ठरतं. काही हिप्पोकॅम्पसकडे जातात, तिथे नव्या आठवणी तयार होतात. काही कपाळामागच्या भागात पोहोचतात, जिथून आपण लक्ष आणि बेत सांभाळतो.

"हे असं का?" असा प्रश्न पडला आणि उत्तर मिळण्याची शक्यता दिसली, की या पेशींचं काम वाढतं. अन्न, पाणी, पैसा यांची किंमत मेंदू ज्या यंत्रणेत ठरवतो, त्याच यंत्रणेत माहितीचीही किंमत ठरते. मेंदूच्या लेखी माहिती हे बक्षीसच आहे, आणि खाली जे काही सांगितलं आहे त्यातलं बहुतेक या एका गोष्टीतून निघतं.

२. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मग कुतूहलाशी त्याचा काय संबंध?

डोपामिनची ही ओळख सगळीकडे पसरली आहे आणि ती चुकीची आहे. तिचं मूळ १९५४ मधल्या एका प्रयोगात आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि दांडी दाबली की तिथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. मेंदूतलं आनंदाचं केंद्र सापडलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये डोपामिन हे मेंदूत स्वतःचं काम असलेलं संदेशवाहक रसायन असल्याचं दाखवलं. (त्यासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.) हळूहळू त्या केंद्राला डोपामिनचं नाव चिकटलं.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकात हे तपासून पाहिलं. उंदरांच्या मेंदूतलं जवळपास सगळं डोपामिन नाहीसं केल्यावर ते समोर अन्न असूनही खाईनात. पण जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला की पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोड लागत होतं, पण गोडाकडे जाण्याची ओढ संपली होती. आवडणं वेगळं आणि हवंहवंसं वाटणं वेगळं, आणि डोपामिन या दुसऱ्या बाजूचं आहे.

त्यानंतरचा मोठा शोध वोल्फ्राम शुल्ट्झ यांचा. त्यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचे विद्युतसंदेश प्रत्यक्ष टिपले. अचानक फळांचा रस मिळाला की पेशी जोरात संदेश देत. पण रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडांना कळल्यावर पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक सांगतात. "मला वाटलं होतं त्यापेक्षा जग वेगळं निघालं" ही बातमी त्या मेंदूभर पोहोचवतात.

कुतूहलाचा संबंध इथे येतो. जाणून घेण्याची ओढ ही त्या हवंसं वाटण्यातलीच एक आहे. उत्तर मिळाल्यावर जी गोडी वाटते तिच्यामागे दुसरी रसायनं आहेत (प्रश्न ४).

३. ज्या माहितीने काहीच बदलणार नाही, तिच्यासाठी जीव इतका कासावीस का होतो?

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. पेपर तपासून झालेले असतात, गुण ठरलेले असतात. तरी दुपारी एकच्या आधीपासून घरातले चार जण चार फोनवर सीट नंबर टाकून बसतात. साइट उघडत नाही, पुन्हा टाकतात. निकाल संध्याकाळी पाहिला तरी एक गुण इकडचा तिकडे होणार नसतो. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरचं तेच. "०३ मिनिटे" वाचून गाडी लवकर येत नाही, पण इंडिकेटर बंद असला की माणसं वाकून वाकून रुळांकडे बघत राहतात.

हीच गोष्ट एथन ब्रॉम्बर्ग-मार्टिन आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी २००९ मध्ये माकडांवर तपासली. तहानलेल्या माकडाला काही सेकंदांनी कधी जास्त पाणी मिळे, कधी थोडं. मधल्या वेळात त्याला दोन खुणांतली एक निवडायची असे. एक निवडली तर पाणी जास्त येणार की थोडं ते आधीच कळे. दुसरी निवडली तर काही कळत नसे. पाणी मात्र दोन्हीकडे तितकंच. माकडं लवकरच जवळजवळ प्रत्येक वेळी आधी कळवणारी खूण निवडू लागली. आणि ज्या डोपामिन पेशी पाण्याची चाहूल देत होत्या, त्याच माहितीचीही चाहूल देत होत्या. पुढच्या प्रयोगांत तर माकडांनी लवकर कळावं म्हणून थोड्या पाण्यावरही पाणी सोडलं.

यात वेडेपणा काही नाही. कोणती माहिती कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. उपयोग सिद्ध झाल्यावरच माहिती गोळा करणारा प्राणी नेहमी मागे राहिला असता.

४. सगळं डोपामिनच करतं का? बाकीची रसायनं कुठे गेली?

बाकीची आहेतच, आणि त्यांना विसरलं की विषय एकांगी होतो. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. तिथल्या मोजक्या पेशी जवळपास सगळ्या मेंदूला नॉरॲड्रेनलिन पुरवतात. आहे त्या कामात गुंतून राहायचं की मान वर करून आणखी काही शोधायचं, याचा तोल सांभाळण्यात त्यांचा हात आहे, अशी मांडणी गॅरी ॲस्टन-जोन्स आणि जोनाथन कोहेन यांनी २००५ मध्ये केली. ॲसिटिलकोलिन लक्ष एका जागी धरून ठेवायला आणि नवं काही आठवणीत उतरवायला मदत करतं. सिरोटोनिनचा संबंध उत्तरासाठी वाट पाहण्याच्या धीराशी आढळतो. आणि "अरे, असं आहे होय!" म्हणताना जी तृप्ती वाटते, ती मेंदूतल्या अफूसदृश रसायनांशी जोडलेली असावी, असं अर्व्हिंग बीडरमन आणि एडवर्ड व्हेसल यांनी २००६ मध्ये सुचवलं.

५. माझ्या मुलाला क्रिकेटचं सगळं जाणून घ्यायचं असतं, पण भूगोल म्हटला की जांभया. कुतूहल एकाच विषयापुरतं कसं?

कारण ते कोऱ्या पाटीवर उगवत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये हे नीट मांडलं: आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत हवं असं वाटतं, यांतलं अंतर दिसलं की कुतूहल जागं होतं. अंतर दिसायला आधी थोडं तरी माहीत असावं लागतं. ज्याला फलंदाजाची सरासरी कळते त्यालाच ती या मालिकेत का घसरली असा प्रश्न पडतो.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या मिन जोंग कांग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले. उत्तराची पूर्ण खात्री असलेल्यांना कुतूहल कमी होतं, अजिबात कल्पना नसलेल्यांनाही कमी. "मला वाटतंय, पण नक्की नाही" म्हणणाऱ्यांना ते सर्वांत जास्त वाटत होतं, आणि कुतूहल जितकं जास्त तितका स्ट्रायटमचा कॉडेट हा भाग अधिक कामाला लागत होता.

भूगोलासाठी मार्ग यातूनच निघतो. नकाशा पाठ करायला लावण्याआधी त्याच्या ओळखीच्या गोष्टीला धरा. वानखेडेवर संध्याकाळी चेंडू का वळतो असं तो स्वतःच विचारतो. समुद्रावरून येणारं वारं आणि हवेतला ओलावा यांचा त्यात हात आहे का, हे शोधणं म्हणजेच भूगोल.

६. एखाद्या नटाचं नाव अगदी जिभेवर असतं आणि ते आठवेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. हे पण कुतूहलच का?

हो, आणि त्याचा अगदी तीव्र प्रकार. अंतर अगदी थोडं उरलेलं असतं, म्हणून ओढ जास्त. कारण प्रश्न ५ मध्ये आहे. एक सूचना मात्र करते: लगेच फोनकडे हात नेऊ नका. आधी स्वतः आठवायचा प्रयत्न केल्यावर मिळालेलं उत्तर पुढे जास्त लक्षात राहतं.

७. मी शिक्षिका आहे. कुतूहलामुळे अभ्यास खरंच लक्षात राहतो की हे नुसतं बोलायला बरं?

खरंच राहतो, आणि याचा पुरावा मला या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो.

मॅथियास ग्रूबर, बर्नार्ड गेल्मन आणि चरण रंगनाथ यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात २०१४ मध्ये हा प्रयोग केला. आधी प्रत्येकाकडून प्रश्नांची यादी तपासून घेतली: कोणत्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यावंसं वाटतं आणि कोणत्याचं नाही. मग स्कॅनरमध्ये एकेक प्रश्न दाखवला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये १४ सेकंदांची रिकामी वाट. त्या वाटेत पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा क्षणभर येऊन जाई, ज्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

नंतर परीक्षा घेतली. ज्या प्रश्नांबद्दल कुतूहल होतं त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली, हे अपेक्षितच होतं. पण त्या कुतूहलाच्या चौदा सेकंदांत दिसलेले चेहरेसुद्धा जास्त ओळखू आले. दुसऱ्या दिवशीही हा फायदा टिकलेला होता. स्कॅनमध्ये दिसलं की उत्तराची वाट पाहतानाच मध्यमेंदूचा डोपामिनचा भाग आणि हिप्पोकॅम्पस एकमेकांशी ताल धरून काम करत होते, आणि ज्यांच्यात हा ताल अधिक जुळला त्यांना फायदाही अधिक झाला. रसायनाने जणू आठवणीचं दार उघडून धरलेलं होतं, आणि त्या वेळात समोरून जे गेलं ते आत आलं.

वर्गात याचा अर्थ असा की प्रश्न आणि उत्तर यांच्यात जागा ठेवा. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात हे मुंबईतल्या बऱ्याच मुलांना माहीत असतं. फळ्यावर एवढंच लिहा: "फ्लेमिंगोचं पिल्लू करड्या रंगाचं असतं. मग तो गुलाबी कसा होतो?" आणि थांबा. मुलं म्हणतील ऊन, म्हणतील चिखल, एखादा म्हणेल मोठं झाल्यावर पिसं बदलतात. प्रत्येकाला अंदाज लिहायला सांगा, हात खाली करायला लावू नका. मग त्या खाडीतल्या शेवाळाविषयी आणि बारीक जलचरांविषयी तुम्हाला जे शिकवायचं आहे ते शिकवा. पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातल्याच कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो, हे शेवटी सांगा. एरवी मुलं ज्या धड्यावर झोपतात तो त्या वाटेतच शिकवून होतो.

वेळ नाही, पोर्शन संपवायचा असतो, हे मला माहीत आहे. तरी आठवड्यातून एका तासाला हे जमतं.

८. आमचं बाळ चमचा सारखा खाली टाकतं. मुद्दाम त्रास देतं का?

नाही, ते प्रयोग करतं. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांना अशक्य वाटणाऱ्या गोष्टी दाखवल्या. एखादी वस्तू भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, तर बाळं नंतर ती घेऊन टेबलावर आपटत. हवेत तरंगल्यासारखी दिसली, तर ती खाली टाकून पाहत. नेमकी शंका, नेमकी तपासणी. त्याआधी सात-आठ महिन्यांच्या बाळांवरच्या एका अभ्यासात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं की फार सोप्या आणि फार गुंतागुंतीच्या, दोन्ही दृश्यांवरून बाळं नजर काढून घेतात आणि मधल्यांवर टिकवतात. मोठ्यांमधली हीच गोष्ट प्रश्न ५ मध्ये आहे. चमचा स्टीलचा द्या, काचेचा नको, एवढंच.

९. वाचनासाठी मुलीला पुस्तकामागे दहा रुपये द्यायला सुरुवात केली. चालेल का?

तिला वाचायला आवडत असेल तर देऊ नका. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढण्याची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर या मुलांचा चित्रं काढण्यातला वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्मा झाला होता. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता नंतर दिलं, त्यांची हौस मात्र टिकून होती.

मेंदूत काय होतं ते को मुरायामा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं. स्टॉपवॉच बरोबर पाच सेकंदांवर थांबवायचा खेळ होता. ज्यांना जिंकल्याचे पैसे दिले होते, त्यांचे पैसे बंद केल्यावर तोच खेळ खेळताना त्यांच्या स्ट्रायटमचा प्रतिसाद ओसरला. ज्यांना पैसे कधी मिळालेच नव्हते त्यांचा तसाच राहिला.

अपवाद सांगायला हवा. जे काम मुळातच कंटाळवाणं आहे, पाढे म्हणणं किंवा दप्तर आवरणं, तिथे लहानसं बक्षीस नुकसान करत नाही. तिथे हिरावून घ्यायला हौसच नसते.

१०. लोकलमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत अंगठा फोनवर फिरत असतो. हे कुतूहल आहे की व्यसन?

यामागची यंत्रणा कुतूहलाचीच आहे, पण तिला शेवट नाही. ख्रिस्टोफर फिओरिल्लो, फिलिप टोब्लर आणि शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये दाखवलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा डोपामिन पेशींचं वाट पाहतानाचं काम सर्वांत जास्त चढतं. नक्की मिळणार असेल किंवा नक्की नाही, तर ते चढत नाही. पुढच्या रीलमध्ये काहीतरी बघण्यासारखं असेल की नाही, हे कधीच नक्की नसतं. म्हणून हात थांबत नाही, आणि पाहिलेल्यातलं फार आवडलेलं नसतं. हवंसं वाटणं आणि आवडणं वेगळं (प्रश्न २), याचा रोजचा अनुभव हाच.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बर्लाइन यांनी फार पूर्वी कुतूहलाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक, कंटाळा आला म्हणून काहीही नवं हवं असणारं. दुसरं, एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर हवं असणारं. फोन पहिल्याला पोसतो. दादर ते बोरिवली एवढ्या वेळात एखादा प्रश्न मनात धरून त्याचंच उत्तर त्याच फोनवर शोधलं, तर तेच यंत्र दुसऱ्यासाठी चालतं.

११. डोपामिन डिटॉक्स केल्याने मेंदू रिसेट होतो का?

नाही. डोपामिन म्हणजे साचून राहणारं विष नाही, आणि फोन एक दिवस बंद ठेवल्याने ते उपसलंही जात नाही. हालचाल करण्यापासून अंथरुणातून उठण्यापर्यंत सगळ्याला ते लागतं. जन्मापासून डोपामिन तयार न होणारे उंदीर प्रयोगशाळेत वाढवले गेले आहेत. औषध दिलं नाही तर ते अन्नाशेजारी बसून उपाशी मरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं ही चांगली सवय आहे, ती जरूर करा. फक्त त्याला रसायनशास्त्राचं नाव देऊ नका.

१२. बाजार वर असतो तेव्हा मी दिवसातून दहादा पोर्टफोलिओ बघतो. पडला की ॲपच उघडत नाही. मग माहितीची ओढ कुठे जाते?

प्रश्न ३ ला हा खरा अपवाद आहे. बाजार पडत असताना गुंतवणूकदार आपल्या खात्यात कमी डोकावतात, हे निकलस कार्लसन, लोवेनस्टाइन आणि ड्युएन सेप्पी यांनी २००९ मध्ये आकडेवारीनेच दाखवलं. दलाल स्ट्रीटवरच्या कुणालाही हे पटेल.

कारण मेंदू माहितीचं मोल दोन अंगांनी करतो. अनिश्चितता किती कमी होईल हे एक. कळल्यावर कसं वाटेल हे दुसरं. कॅरोलिन शार्पांतिए, ब्रॉम्बर्ग-मार्टिन आणि ताली शारोत यांच्या २०१८ च्या अभ्यासात चांगली बातमी येण्याची शक्यता असलेल्या सोडतीबद्दल लोकांना आधी कळून घ्यायची ओढ जास्त होती, आणि मध्यमेंदूच्या डोपामिनच्या भागातही तोच कल दिसला.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती रिपोर्टची. लॅबमधून आणलेलं पाकीट फ्रिजवर तसंच पडून राहतं, कारण साखर वाढली असेल याची धास्ती. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचा धोका असलेल्यांपैकी बहुतेक जण चाचणी करून घेत नाहीत, आणि तिथे ते समजण्यासारखं आहे, कारण आजार थांबवणारा उपाय नाही. पण साखर, रक्तदाब, गाठ यांत वेळेवर कळलं तर हातात पुष्कळ काही असतं. अशा वेळी एकट्याने ठरवू नका. पाकीट घरातल्या कुणाला उघडायला सांगा किंवा थेट डॉक्टरांसमोर उघडा. मनाच्या टाळाटाळीला बगल द्यायचा हा साधा मार्ग आहे.

१३. अपघात झाला की बघ्यांची गर्दी का होते? लोक इतके निर्दयी असतात का?

गर्दीतल्या बहुतेकांना वाईटच वाटत असतं. पण काय झालं ते न कळणं सहन होत नाही. क्रिस्टोफर सी आणि बोवेन रुआन यांनी २०१६ मध्ये लोकांसमोर पेनं ठेवली. हिरव्या खुणेचं पेन दाबलं तर काही होत नव्हतं, लाल खुणेचं दाबलं तर शॉक बसे, पिवळ्याचं नक्की नव्हतं. कुणीही दाबायला सांगितलेलं नसताना लोकांनी पिवळी सर्वांत जास्त दाबली. २०२० मध्ये जॉनी लाऊ, मुरायामा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात जादूचा खेळ कसा केला ते कळावं म्हणून लोक शॉकचा धोका पत्करत होते, आणि तेव्हा त्यांच्या स्ट्रायटममध्ये जे घडत होतं तेच भुकेल्या लोकांनी खाण्यासाठी धोका पत्करताना घडत होतं. कुतूहल भुकेच्या जातीचं आहे. म्हणूनच ते आवरावं लागतं: १०८ ला फोन झाला आहे का एवढं विचारायचं आणि रस्ता मोकळा करायचा.

१४. कुतूहल वाढवायला काय खावं? केळी, बदाम, खाजकुइलीचं चूर्ण?

केळ्यात डोपामिन असतं, पण खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. बदाम चांगलेच, पण या कामासाठी नव्हेत. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिन या थकव्याचा संदेश देणाऱ्या रसायनाला अडवतं आणि त्यातून डोपामिनच्या कामाला थोडी मदत होते, म्हणून तरतरी येते.

खाजकुइलीची गोष्ट गंभीर आहे. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं आणि ते मेंदूत पोहोचून डोपामिन बनतं. पार्किन्सन्सच्या गोळ्यांत हेच औषध असतं. बाजारातल्या चूर्णात त्याचं प्रमाण किती ते घेणाऱ्याला कळत नाही. स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको.

खरा फरक पडतो तो झोपेने. एका रात्रीच्या जागरणानेही स्ट्रायटममधली उपलब्ध डोपामिन ग्राहकं (पेशींवरच्या डोपामिन टिपणाऱ्या जागा) कमी होतात, हे नोरा व्होल्को यांच्या गटाने २०१२ मध्ये स्कॅनवर दाखवलं. शेवटच्या लोकलने घरी येऊन पहिल्या लोकलने निघणाऱ्याला कशातच रस वाटेनासा झाला, तर त्याच्या स्वभावाला बोल लावू नये.

१५. जिज्ञासेचा जीन असतो का?

एकच असा नसतो. १९९६ मध्ये डीआरडी४ या डोपामिन ग्राहकाच्या जीनचा नावीन्याच्या ओढीशी संबंध असल्याचे दोन अभ्यास आले आणि खूप गाजले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध सातत्याने टिकला नाही.

१६. वय झालं की कुतूहल कमी होणारच ना? मी ७१ वर्षांची आहे.

वयाबरोबर डोपामिनच्या पेशी आणि ग्राहकं हळूहळू कमी होतात, हे खरं आहे. पण शॅनन मॅकगिलिव्हरे, मुरायामा आणि ॲलन कॅस्टेल यांच्या २०१५ च्या अभ्यासात ज्येष्ठांना ज्या प्रश्नांत रस वाटला होता त्यांची उत्तरं आठवड्यानंतरही आठवत होती. रस नसलेली गळून गेली होती. तरुणांमध्ये रसाचा असा परिणाम इतका स्पष्ट नव्हता. म्हणजे वय वाढेल तसं कुतूहल आठवणीसाठी अधिक कामाचं होतं. काकू, तुम्ही हा प्रश्न विचारलात त्या दिवशी पहिल्या रांगेत वही घेऊन बसला होतात, तेव्हा तुमची मला काळजी नाही.

१७. बाबांना पार्किन्सन्स आहे. पूर्वी पेपर पहिल्या ओळीपासून वाचायचे, आता घडीही मोडत नाहीत. निराश झालेत का?

असतीलही, पण दुसरी शक्यता आधी लक्षात घ्या. पार्किन्सन्समध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिन पेशी मरतात. हात थरथरणं आणि चाल मंदावणं सगळ्यांना दिसतं. जाणून घेण्याची ओढ आटणं हेही त्याच नुकसानीतून येऊ शकतं, आणि ते आळस किंवा रुसवा समजलं जातं. उदासीत माणूस दुःखी असतो, रडू येतं, अपराधी वाटतं. या निरिच्छेत दुःखही नसतं. विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणतात आणि ते खरंच म्हणतात. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना हा बदल आपणहून सांगा. तपासणीच्या दहा मिनिटांत तो दिसत नाही.

घरी एक करून पाहता येतं. पेपर हातात देऊन निघून जाऊ नका. एक मथळा मोठ्याने वाचा आणि त्यावर त्यांना माहीत असलेलं विचारा. गिरणगावची बातमी असेल तर "ही चाळ कुठली हो, बाबा?" सुरुवात बाहेरून करून द्यावी लागते, पुढची दोन वाक्यं बऱ्याचदा त्यांची ते बोलतात.

१८. आमच्याकडे उलटं झालं. पार्किन्सन्सची गोळी बदलल्यापासून आई रात्र रात्र जागून रेडिओ, मिक्सर खोलून बसते आणि ऑनलाइन लॉटरी शोधते. उत्साह आला म्हणून आनंद मानावा का?

नाही, आणि हे लगेच डॉक्टरांना कळवा. पार्किन्सन्समध्ये प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. २०१० मध्ये ३,००० हून जास्त रुग्णांच्या अभ्यासात अशी औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं किंवा कामवासनेवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीतरी आढळलं. ती न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. वस्तू उगाच खोलत-जोडत बसणं, पुन्हा पुन्हा लावत राहणं, हाही याच औषधांचा ओळखीचा परिणाम आहे.

बाहेरून हे कुतूहलासारखं दिसतं. फरक ओळखायचा असेल तर आईला विचारा, मिक्सर का खोललास? कुतूहल असेल तर उत्तर येईल, "पातं अडकतंय, कशाने ते बघते," आणि कारण सापडलं की मिक्सर पुन्हा जोडून ओट्यावर जाईल. औषधाचा परिणाम असेल तर कारण सांगता येत नाही, उत्तर सापडल्याचा क्षण येत नाही, आणि मध्ये थांबवलं की चिडचिड होते.

यात आईचा दोष नाही आणि तिला लाज वाटेल असं काही बोलू नका. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर हे बहुतेकांचं कमी होतं. पण गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने अंग आखडणं, घबराट, तीव्र उदासी असे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तिच्या फोनमधलं पैसे भरायचं ॲप आणि बँकेचं कार्ड तिला सांगून, तिच्या संमतीने, तुमच्याकडे ठेवा. किती वाजता काय केलं ते चार दिवस लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.